अज्ञात वाटेचे पाचारण : शुभवर्तमानातील शिष्यत्व आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’

१. प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा बहुधा ‘धर्मांतर’ या शब्दाभोवती फिरत राहिली आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक या सर्वांच्या बाबतीत त्यांनी कोणता धर्म सोडला, कोणता स्वीकारला आणि का, असे प्रश्न विचारले गेले. हे प्रश्न अप्रस्तुत नाहीत. परंतु त्यांच्या मागे एक गृहीत कल्पना आहे. माणूस एका निश्चित ठिकाणाहून निघाला आणि दुसऱ्या निश्चित ठिकाणी पोहोचला, अशी ती कल्पना होय. धर्मांतर म्हणजे जणू घर बदलणे. जुन्या घराचे दार लागले आणि नव्याचे उघडले.

शुभवर्तमानांत मात्र शिष्यत्वाचे वर्णन घराच्या भाषेत येत नाही, ते वाटेच्या भाषेत येते. येशू ज्यांना बोलावतो त्यांना तो कोणते मत स्वीकारण्यास सांगत नाही. आपल्या मागे येण्यास सांगतो. मराठी ख्रिस्ती परिभाषेत या बोलावण्याला ‘पाचारण’ म्हणतात आणि त्यास दिलेल्या उत्तराला ‘अनुसरण’. या दोन्ही शब्दांत गंतव्य स्थानाचा निर्देश नाही. पाचारणात बोलावणारा आहे आणि अनुसरणात त्याच्या मागे चालणारा. वाट कोठे जाते हे दोहोंपैकी एकही शब्द सांगत नाही.

ही अनिश्चितता मराठी वाङ्मयात सर्वांत प्रत्ययकारी रीतीने कोठे प्रकट झाली, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. तिचे उत्तम चित्रण पाचारण झालेल्या पुरुषाच्या निवेदनात नसून त्याच्या पत्नीच्या निवेदनात, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या ग्रंथात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. जाळी, होडी आणि मागे राहिलेली माणसे

मार्काच्या शुभवर्तमानातील पहिल्या शिष्यांच्या पाचारणाची कथा (१:१६–२०) अवघ्या पाच वचनांची आहे. गालील सरोवराच्या काठी शिमोन आणि अंद्रिया हे भाऊ जाळे टाकीत आहेत. येशू त्यांना मागे येण्यास सांगतो आणि ते जाळी सोडून निघतात. थोडे पुढे याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करीत बसलेले आहेत. तेही निघतात, बाप जब्दी मजुरांसह होडीत राहतो.

या कथेतील मितभाषित्व लक्षणीय आहे. येशू कोण, कोठून आला, कोठे निघाला, हे त्या कोळ्यांना कोणी सांगत नाही आणि ते विचारीतही नाहीत. माणसे धरणारे करण्याचे जे एक आश्वासन मिळते, त्याचा अर्थ त्या क्षणी त्यांना उमगला असेल असे मानण्यास आधार नाही. लूकाने ही घटना सांगताना तिच्याआधी मोठ्या मत्स्यलाभाचा चमत्कार घातला आहे. योहानाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या द्वारे आधीचा परिचय घडवून आणला आहे. उत्तर देणाऱ्याला काही तरी कारण असले पाहिजे, ही गरज या दोघांच्या कथनांनी भागते. मार्क ती भागवीत नाही. त्याच्या कथेत हाक आणि पाऊल यांच्यामध्ये काहीच नाही.

पाचारणाला प्रत्येक वेळी होकारच मिळतो असेही नाही. मार्काच्या दहाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य खिन्न होऊन परत जातो. काय सोडावे लागणार हे त्याला स्पष्ट दिसते आणि काय मिळणार हे दिसत नाही. लूकाच्या नवव्या अध्यायात तिघे जण येतात. आपण कोठेही मागे येऊ म्हणणाऱ्या पहिल्याला, या वाटेवर डोके टेकण्यासही जागा नाही, याची जाणीव दिली जाते. दुसऱ्याला बापाला मूठमाती द्यावयाची आहे. तिसऱ्याला घरच्यांचा निरोप घ्यावयाचा आहे. या दोघांच्या मागण्या आपल्याकडील कोणत्याही कुटुंबवत्सल माणसाला रास्त वाटतील अशा आहेत आणि तरीही त्यांना सवड मिळत नाही. या तिघांनी पुढे काय केले, हे लूक सांगत नाही.

येथे एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. निघालेल्यांची नावे ग्रंथात येतात, मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले ते येत नाही. जब्दी होडीत राहिला. त्यानंतर त्या होडीचे, त्या धंद्याचे काय झाले? पेत्राला सासू होती आणि ती तापाने आजारी असता बरी झाली, हे मार्क सांगतो. म्हणजे पेत्राला पत्नी होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतो, असा ओझरता उल्लेख केला आहे. परंतु ज्या दिवशी नवरा जाळी टाकून निघून गेला, त्या दिवशी त्या स्त्रीने काय म्हटले, याविषयी चारही शुभवर्तमाने मौन पाळतात.

३. मराठी भक्तिपरंपरेशी तुलना

या कल्पनेचे वेगळेपण मराठी वाचकाला आपल्या परंपरेशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. वारकऱ्याची वाट ठरलेली आहे. माळ घातलेला मनुष्य आषाढी-कार्तिकीला कोठे जावयाचे हे जाणतो. वाटेचे मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत आणि वाटेच्या शेवटी विटेवर उभे असलेले दैवत आहे. वारीची थोरवी या निश्चिततेत आहे. वारकरी देवाकडे जातो आणि पुन्हा आपल्या घरी, आपल्या शेतात परत येतो. प्रपंच न सोडता परमार्थ साधण्याची ही रीत आहे.

गुरुशिष्य परंपरेतही शिष्य गुरूचा शोध घेतो, सेवा करून त्याला प्रसन्न करतो आणि अनुग्रह मागतो. येशूच्या काळच्या ज्यू समाजातही शिष्याने आपला गुरू निवडावा अशीच सामान्य रीत होती. शुभवर्तमानांत हा क्रम उलटा आहे. गुरू शिष्याच्या धंद्याच्या जागी येतो. जाळ्यापाशी येतो, जकातीच्या नाक्यावर येतो.

तथापि हा भेद फार ताणता येणार नाही. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग या संदर्भात आठवतात. त्यांना तुकारामांचा अनुग्रह स्वप्नात झाला. त्या ब्राह्मण, गुरू शूद्र, आणि पतीचा तीव्र विरोध. या अनुग्रहाने आपल्या संसाराचे काय होणार हे बहिणाबाईंना ठाऊक असणे शक्य नव्हते. हाक पत्नीला आली आणि अडथळा पतीचा झाला. अडीच शतकांनंतर टिळकांच्या घरात याच्या नेमके उलट घडले. अनाहूत हाकेची ओळख मराठी संवेदनेला मुळीच नव्हती असे नाही. पण हाक एकाला आणि तिची झळ दुसऱ्याला, हा पेच दोन्ही ठिकाणी समान आहे.

४. टिळक : गाडीतील भेट ते बाप्तिस्मा

नारायण वामन टिळक यांचा ख्रिस्ती धर्माकडे वळण्याचा वृत्तान्त सुपरिचित आहे. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या वृत्तान्तात भाकीत खरे ठरल्याने सर्व काही आधीच ठरलेले होते, असा भास होतो. परंतु १८९५ च्या चित्पावन ब्राह्मण कवीपुढील वास्तव वेगळे होते. कायद्यापुरते पाहिल्यास धर्मांतरिताला काही संरक्षण होते. १८५० च्या कायद्याने धर्म वा जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाण्याची आपत्ती दूर केली होती. जोडीदाराने धर्मांतराच्या कारणाने सहवास नाकारल्यास ख्रिस्ती झालेल्याला विवाहविच्छेदाची वाट १८६६ च्या कायद्याने मोकळी केली होती. हा दुसरा कायदा करावा लागला, यावरूनच धर्मांतरितांचे संसार किती वेळा मोडत असले पाहिजेत, याची कल्पना येते. टिळकांनी त्या वाटेने जाण्याचे मनात आणले नाही. पत्नी कधी तरी परत येईल या आशेवर ते राहिले.

टिळकांच्या स्वभावात घर सोडून निघून जाण्याची प्रवृत्ती बाप्तिस्म्यापूर्वीही होतीच. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग वाचताना हे वारंवार जाणवते. न सांगता नाहीसे होणे, नोकऱ्या धरणे आणि सोडणे, घरातील वस्तू गरजूला देऊन टाकणे, हे त्यांच्या संसाराचे नित्याचे रूप होते. त्यामुळे पाचारणाचा एक अवघड प्रश्न येथे उभा राहतो. जो मुळातच घरात न रमणारा आहे, त्याला आलेली हाक ही खरोखर बाहेरून आलेली हाक की त्याच्याच अस्वस्थतेचे नवे नाव? लक्ष्मीबाई या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. पण बाप्तिस्म्यापूर्वीच्या निघून जाण्याच्या साऱ्या कथा त्यांनी अगोदर सांगून ठेवल्यामुळे वाचकाला तो टाळताही येत नाही.

५. होडीत राहिलेली स्त्री

शुभवर्तमानांनी मोकळी सोडलेली जागा ‘स्मृतिचित्रे’ भरून काढतात. जाळी टाकून गेलेल्या माणसाच्या बायकोचे काय झाले, याचा मराठीतील हा अत्यंत प्रांजळ जबाब आहे.

लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) जेथून निघाल्या ते ठिकाण लक्षात घेतले पाहिजे. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला पोहोचलेले होते. बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात चालत नसे. विटाळ ही ज्या घरात दिवसाच्या प्रत्येक घटकेची चिंता होती, त्या घरातील मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला. या आघाताचे स्वरूप तात्त्विक नव्हते. येशू देव की माणूस, हा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. पती जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. त्या सवाष्ण आहेत, पण संसार नाही, असा तो आघात होता. लहान मुलाला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. या काळात काही दिवस त्यांचा मुक्काम पंढरपुरात होता. जेथे वाटा येऊन थांबतात अशा त्या क्षेत्री राहून आपली वाट मात्र कोठे जाणार याचा त्यांना पत्ता नव्हता.

या दुःखकाळाचे वर्णन करताना लक्ष्मीबाईंनी जी निवेदनपद्धती स्वीकारली आहे, ती या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य होय. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा त्यांना ख्रिस्ती होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. आपल्या सर्व यातना देवाच्या योजनेचा भाग होत्या, असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्यांच्या समाजातील वाचकांना ते आवडलेही असते. त्यांनी तसे केले नाही. १८९५ मधील लक्ष्मीबाईंना जे ठाऊक नव्हते, ते १९३४ मधील लक्ष्मीबाई त्यांना उसने देत नाहीत. राग रागच राहतो, अपमान अपमानच राहतो, आणि मधूनच विनोद उसळतो तोही त्या वेळचाच असतो.

याची तुलना बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राशी करता येईल. १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाने आपल्या जीवनकथेला दिलेले नावच बोलके आहे. अरुणोदय झाला असे तोच म्हणू शकतो, ज्याने पुढे उगवलेला सूर्य पाहिला आहे. त्यामुळे पूर्वायुष्यातील प्रत्येक शंका, प्रत्येक वाचन, प्रत्येक भेट ही त्या प्रकाशाकडे नेणारी पायरी ठरते. हा दोष नव्हे. साक्ष देणाऱ्या आत्मचरित्राची ती रीत आहे आणि मराठी आत्मचरित्राच्या आरंभकाळात तिचे महत्त्व मोठे आहे. परंतु शेवटाच्या उजेडात आरंभ लिहिला की अंधारात टाकलेल्या पावलाची भीती हरपते. ‘स्मृतिचित्रे’त ती शिल्लक आहे.

६. उशिरा पडलेले पाऊल

लक्ष्मीबाईंच्या कथेचा पुढील भाग केवळ ‘पत्नी पतीच्या मागे गेली’ असा समजला जातो. तसे झाले असते तर ते अनुसरण नव्हे, पातिव्रत्य ठरले असते. ग्रंथाचा पुरावा वेगळा आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलासह अहमदनगरला टिळकांकडे आल्या, तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे-ओवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. पतीकडे परतणे आणि ख्रिस्ताकडे वळणे या दोन गोष्टींत त्यांनी स्पष्ट अंतर राखले, आणि टिळकांनीही ते राखू दिले.

यानंतरचा बदल प्रवचनाने घडला नाही. राहुरीच्या वास्तव्याच्या सुमारास, माणसामाणसांतील हे भेद देवाने केले की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला आणि आपल्याच साध्या तर्काने त्यांनी त्याचा निकाल लावला. जातिभेद देवाचा नव्हे, असे ठरताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, हा निश्चय झाला. म्हणजे ज्या विटाळाच्या कल्पनेत त्या वाढल्या होत्या, तीच प्रथम गळाली. ख्रिस्तावरील श्रद्धेचा उच्चार त्यानंतरचा आहे. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. जलालपूरच्या घरातील मुलीच्या दृष्टीने पाहिल्यास परक्या हातचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावणे हेच जाळी सोडण्याचे कृत्य होते. त्यानंतर परतीची वाट नव्हती आणि पुढची दिसत नव्हती.

पुढच्या वाटेवर जे होते, त्यातील काहीच त्या वेळी दिसणे शक्य नव्हते. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा, घरात येऊन राहिलेली परकी मुले, बालकवी ठोमऱ्यांसारख्या कवीला मिळालेला आसरा, १९१९ मधील टिळकांचे निधन, आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याची जबाबदारी. जिला पतीने प्रथम अक्षरओळख नीट करून दिली, त्या स्त्रीने त्या महाकाव्याचा फार मोठा भाग रचावा, हे १९०० मध्ये कोणी सांगितले असते तर सर्वांत अधिक हसू बहुधा त्यांनाच आले असते.

७. पुन्हा एकदा हाक

पाचारण एकदाच होते, ही समजूतही या चरित्रांवरून दुरुस्त करावी लागते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला, ख्रिस्ताची खरी भेट पुढे काही वर्षांनी झाली, अशा आशयाची साक्ष त्यांनी स्वतःच दिली आहे. त्यानंतरचे केडगावचे मुक्तिकार्य आणि बायबलच्या भाषांतराचा एकहाती उद्योग हे वाँटेजमध्ये ठरलेले नव्हते.

टिळकांच्या बाबतीत १९१७ हे वर्ष असेच आहे. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक आणि मान्यवर ख्रिस्ती कवी म्हणून स्थिर झालेले असता, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कल्पनेस वाहून घेतले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबारात जागा होती. ज्या उंबरठ्यासाठी त्यांनी एके काळी घरदार सोडले, त्याच उंबरठ्याबाहेर आता ते शिष्य शोधू लागले. धर्मांतर हे घर बदलणे असते, तर हा निर्णय अनाकलनीय ठरतो. धर्मांतर ही वाट असेल, तर तो तिचाच पुढचा टप्पा आहे. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि दरबाराची कल्पना त्यांच्या मनातील रूपात उभी राहू शकली नाही. जेथे जाण्यास ते निघाले होते तेथे ते पोहोचले, असे म्हणता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात पेत्राला सांगितले जाते की, तरुणपणी तो आपल्या इच्छेस येईल तेथे जात असे, पण म्हातारपणी दुसरा कोणी त्याला नको तेथे नेईल. आणि हे सांगून झाल्यावर येशू त्याला पुन्हा तेच सांगतो, जे गालीलच्या काठी सांगितले होते : मागे ये. पहिल्या वेळी पेत्राला काहीच ठाऊक नव्हते. दुसऱ्या वेळी वाट दुःखाची आहे एवढे कळले. गंतव्याचे ज्ञान वाढते ते इतकेच.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी पुढे येतात. पहिली वाङ्मयीन आहे. पाचारणाची अनिश्चितता ही केवळ आशयाची बाब नाही, ती निवेदनाचीही कसोटी आहे. शेवट माहीत असलेल्या लेखकाने आरंभीचे अज्ञान अज्ञान म्हणूनच सांगणे, हे आत्मचरित्रकाराचे अवघड व्रत होय. ‘अरुणोदया’ने साक्षीचा मार्ग पत्करला, ‘स्मृतिचित्रे’नी हे व्रत पाळले; आणि म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हा ग्रंथ आपला वाटत आला आहे.

दुसरी गोष्ट नैतिक आहे. हाकेला उत्तर देणाऱ्याचे धैर्य वाखाणण्याची प्रथा आहे. त्या उत्तराची किंमत ज्याने न विचारता मोजली, त्याची नोंद क्वचितच होते. टिळकांची हाक खरी मानली तरी लक्ष्मीबाईंची ती वर्षे भरून निघत नाहीत, आणि ती वर्षे वाया गेली असे म्हणावे तर पुढच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही. लक्ष्मीबाईंनी हा हिशेब जुळवून दाखविला नाही. त्यांनी पतीला दोष दिला, त्यांच्यावर प्रेम केले, त्यांची थट्टा केली आणि अखेर त्यांच्या मागे न जाता, ते ज्याच्या मागे गेले होते त्याच्या मागे त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. जब्दीच्या होडीत मागे राहिलेल्या माणसालाही कधी तरी किनाऱ्यावर उतरावे लागते, आणि त्याची वाट आधी गेलेल्याच्या पाऊलखुणांवरून ठरत नाही, हे मराठी वाङ्मयाला या ग्रंथाने प्रथमच इतक्या साध्या शब्दांत सांगितले.